वैद्यकीय संशोधनातील प्राणिप्रयोग आणि नैतिकता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आमची भूमिका आधीच सांगणे योग्य ठरेल. प्राणिप्रयोग सरसकट योग्य किंवा सरसकट अयोग्य आहेत असे आम्ही मानत नाही. मात्र एखादा प्रयोग आवश्यक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी दर वेळी, दर प्रयोगागणिक, तो करणाऱ्यावरच असते, असे आमचे ठाम मत आहे.

१. वैद्यकीय संशोधनात प्राण्यांचा वापर नेमका कशासाठी होतो?

औषधांची चाचणी एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असते, पण तो या वापराचा केवळ एक भाग आहे. हृदय, मेंदू किंवा प्रतिकारशक्ती यांचे काम कसे चालते हे समजून घेण्यासाठी होणारे मूलभूत संशोधन हा वापराचा फार मोठा हिस्सा आहे. त्याखेरीज माणसाच्या आजारासारखी स्थिती प्राण्यात निर्माण करून उपचार शोधणे, नव्या औषधाची विषारीता तपासणे, लसींच्या प्रत्येक खेपेची गुणवत्ता पडताळणे आणि प्रतिविषासारखी उत्पादने तयार करणे (प्रश्न १९ पाहा) यांसाठीही प्राणी लागतात. संख्येने पाहिले तर उंदीर, रॅट (मोठ्या आकाराचे उंदीर) आणि मासे यांचाच भरणा असतो. कुत्री, मांजरे आणि माकडे यांचे प्रमाण त्या मानाने अल्प आहे, पण सार्वजनिक वाद बहुधा त्यांच्यावरूनच पेटतात.

२. प्राण्यांवर चाचणी न करता औषध माणसाला देणे बेकायदा आहे का?

दीर्घकाळ व्यवहारात तसेच होते, आणि त्यामागे कटू अनुभव होता. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकात मिसळून विकले गेले. त्याची विषारीता कोणीही तपासली नव्हती. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत अनेक मुले होती. पुढच्याच वर्षी तेथे औषध विक्रीस येण्यापूर्वी त्याची सुरक्षितता दाखवणे कायद्याने बंधनकारक झाले. नाझी डॉक्टरांवरील खटल्यानंतर १९४७ मध्ये मांडल्या गेलेल्या न्युरेम्बर्ग संहितेने माणसांवरील प्रयोग आधीच्या प्राणिप्रयोगांवर आधारलेले असावेत असे म्हटले, आणि १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यानेही तोच धागा पुढे नेला.

अलीकडे हे चित्र बदलू लागले आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या कायदादुरुस्तीने मानवी चाचणीपूर्वी प्राणिप्रयोगच हवेत ही सक्ती काढून टाकली आणि पेशींवरील चाचण्या, अवयव-चिप (मानवी पेशी बसवलेली, अवयवासारखे वागणारी छोटी उपकरणे; प्रश्न १२ पाहा), संगणकीय प्रतिमाने यांनाही पुरावा म्हणून वाव दिला. प्राणिप्रयोगांवर बंदी आली असा याचा अर्थ काही जण लावतात, तो चुकीचा आहे. सक्ती गेली, परवानगी कायम आहे.

३. या प्रयोगांतून माणसाला खरोखर काही मिळाले आहे का, की हा नुसता दावा आहे?

मिळाले आहे, आणि ते नाकारून नैतिक चर्चा पुढे नेता येत नाही. १८८९ मध्ये मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. स्वादुपिंड आणि मधुमेह यांचा संबंध त्यातून स्पष्ट झाला. १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क, म्हणजेच पुढे इन्सुलिन म्हणून ओळखले गेलेले औषध, रक्तातील साखर उतरवतो हे दाखवले, आणि जानेवारी १९२२ मध्ये तो अर्क चौदा वर्षांच्या एका मुलाला दिला गेला. त्याआधी अशा मुलांच्या वाट्याला उपासमारीचा आहार आणि काही काळाने मृत्यू, एवढेच होते.

पेनिसिलिनची कथा याहून लहान आहे. मे १९४० मध्ये ऑक्सफर्ड येथे फ्लोरी यांनी आठ उंदरांना प्राणघातक जिवाणू टोचले आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवसापर्यंत औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते, औषध मिळालेले जिवंत होते.

तरीही येथे एक भेद राखला पाहिजे. एखादा शोध प्राण्यांच्या साहाय्याने लागला हे ऐतिहासिक सत्य आहे, तो अन्य कोणत्याही मार्गाने लागलाच नसता हे मात्र अनुमान आहे. शिवाय १९२१ मध्ये जे अपरिहार्य होते ते आजही अपरिहार्य आहे, असे इन्सुलिनचे उदाहरण देऊन सिद्ध होत नाही.

४. उंदरांवर यशस्वी झालेली औषधे माणसांवर अपयशी का ठरतात?

मानवी चाचण्यांच्या टप्प्यावर पोहोचलेल्या औषधांपैकी दहातली साधारण नऊ बाजारात येत नाहीत, हे खरे आहे. या अपयशाचे सगळे खापर उंदरांवर फोडणे योग्य नाही, कारण काही औषधे मात्रा चुकल्यामुळे, रुग्णांची निवड चुकल्यामुळे किंवा आर्थिक कारणांनीही मागे पडतात. पण प्रजातींमधला फरक हे मोठे कारण आहेच.

लंडनमधील मार्च २००६ ची घटना त्याचे सर्वांत बोलके उदाहरण ठरावी. टीजीएन-१४१२ नावाचे प्रतिपिंड सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले आणि काही तासांतच त्या सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले. अतिदक्षता विभागातील उपचारांनी ते वाचले. माकडांना याच औषधाची वजनाच्या प्रमाणात पाचशे पट मात्रा देऊनही काही झाले नव्हते. कारण पुढे उलगडले. ज्या प्रतिकारपेशींना हे औषध चेतवते, त्या माणसाच्या पेशींवर सीडी-२८ हा ग्राहक (औषध ज्याला चिकटते तो पेशीवरील रेणू) असतो, आणि प्रयोगातल्या माकडांच्या त्याच प्रकारच्या पेशींवर तो नसतो.

फसवणूक उलट बाजूनेही होऊ शकते. पेनिसिलिन गिनीपिगला घातक ठरते. फ्लोरींनी उंदरांऐवजी गिनीपिग निवडले असते, तर हे औषध कदाचित तेथेच बाजूला पडले असते. कोणती प्रजाती का निवडली याचे जीवशास्त्रीय कारण देता येत नसेल, तर तो प्रयोग नैतिकदृष्ट्याही लंगडाच ठरतो, कारण प्राण्याला झालेल्या इजेच्या बदल्यात भरवशाची माहिती मिळण्याची शक्यताच तेथे कमी असते.

५. थॅलिडोमाइडची प्राण्यांवर चाचणी झाली होती. मग दहा हजारांहून अधिक मुले व्यंग घेऊन कशी जन्मली?

हे उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात आणि बहुधा अर्धवट देतात. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत हे झोपेचे औषध विक्रीस आले आणि गरोदर स्त्रियाही ते घेत, त्यापूर्वी प्राण्यांवर काही चाचण्या झाल्या होत्या. पण गर्भावर काय परिणाम होतो, हे गाभण प्राण्यांवर नीट तपासले गेले नव्हते. १९६१ च्या अखेरीस औषध मागे घेतल्यावर तशा चाचण्या झाल्या, तेव्हा सशांच्या आणि पुढे माकडांच्या पिल्लांत व्यंगे आढळली. उंदीर आणि रॅट मात्र या परिणामाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत. म्हणजे योग्य चाचणी केली असती तर धोका कळू शकला असता, आणि केवळ उंदीर-रॅट वापरले असते तर तो कदाचित निसटलाही असता. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

६. उंदरासारख्या प्राण्याला वेदना होतात हे कशावरून म्हणायचे?

वेदना जाणवून देणारे चेतातंतू, त्या वाहून नेणारे मार्ग आणि वेदनाशामकांना मिळणारा प्रतिसाद या बाबतींत सगळे सस्तन प्राणी माणसाच्या फार जवळचे आहेत. नेमक्या याच साम्यामुळे वेदनाशामके त्यांच्यावर तपासली जातात. औषध तपासताना साम्य मानायचे आणि दया दाखवण्याची वेळ आली की नाकारायचे, हे प्रामाणिक नाही.

निरीक्षणाने हे आणखी जवळून दिसते. २०१० मध्ये कॅनडातील संशोधकांनी वेदनेत असलेल्या उंदराच्या चेहऱ्याचे मोजमाप तयार केले. त्याचे डोळे आक्रसतात, नाकाचा आणि गालाचा भाग फुगीर दिसतो, कान मागे ओढले जातात आणि मिशांची ठेवण बदलते. सराव झालेला माणूस पिंजऱ्याबाहेरून हे वाचू शकतो. उंदराला शेपटीला धरून उचलणे ही प्रयोगशाळांमधली जुनी रीत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे उचललेले उंदीर अधिक भेदरलेले आढळले, तर त्यांना ओंजळीत घेतले किंवा नळीत शिरू देऊन नळीसकट उचलले तर ते माणसाच्या हाताजवळ आपणहून येतात असे दिसले. या बदलाला जवळजवळ काही खर्च येत नाही. तरीही शेपटीला धरण्याची सवय अनेक ठिकाणी सुटलेली नाही, ही गोष्ट आम्हाला अस्वस्थ करते.

७. नैतिक युक्तिवाद कोणते आहेत? नेमके मतभेद कोठे आहेत?

ब्रिटिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्येच वादाचा केंद्रबिंदू हलवला होता. प्राण्याला विचार करता येतो का किंवा बोलता येते का, यापेक्षा त्याला दुःख भोगावे लागते का हे पाहावे, असे त्यांचे म्हणणे. त्याच परंपरेतले पीटर सिंगर यांच्या मते सारख्या दुःखाला सारखेच वजन दिले पाहिजे, मग ते कोणत्याही प्रजातीचे असो. हा विचार प्रत्येक प्रयोग निषिद्ध ठरवत नाही. तो हिशेब मागतो. टॉम रीगन यांची भूमिका याहून कडक आहे. ज्याला स्वतःचे म्हणून एक आयुष्य जगायचे आहे, तो दुसऱ्याच्या फायद्यासाठी वापरण्याची वस्तू नाही, आणि फायदा कितीही मोठा असला तरी हे बदलत नाही, असे ते मानतात.

समर्थकांची बाजूही एकजिनसी नाही. प्राण्यांना नैतिक कर्तव्ये कळत नाहीत, म्हणून त्यांना हक्कही नाहीत, असे काही जण म्हणतात. हा युक्तिवाद आम्हाला सर्वांत कमकुवत वाटतो. तान्ह्या बाळाला किंवा गंभीर बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीलाही कर्तव्ये कळत नाहीत, पण त्यांच्यावर प्रयोग करण्याचा विचारही कोणी सहन करणार नाही. तेव्हा केवळ बुद्धीच्या निकषावर रेघ ओढता येत नाही.

समर्थनाचा सर्वांत सबळ आधार वेगळा आहे. ज्याच्यावर उपचार नाही असा रुग्ण आपल्यासमोर असतो, त्याच्याप्रति आपले कर्तव्य असते, आणि प्रयोग न करण्याचीही किंमत कोणाला तरी मोजावी लागते. हे आम्हाला मान्य आहे. पण या युक्तिवादाची मर्यादा त्याच्याच पोटात आहे. रुग्णाच्या नावाने मागितलेली सवलत, ज्या प्रयोगाचा रुग्णाशी दूरान्वयानेही संबंध जोडता येत नाही किंवा ज्याची मांडणीच सदोष आहे, अशा प्रयोगाला मिळू शकत नाही. मूलभूत संशोधनाच्या बाबतीत हा संबंध अनेकदा लांबचा आणि अनिश्चित असतो, म्हणून तेथे प्राण्याला होणारा त्रास कमी असण्याची अट अधिक कडक हवी.

आणि प्रयोग समर्थनीय ठरला तरी प्राण्याला झालेली इजा नाहीशी होत नाही. समितीची परवानगी हा त्या इजेचा परतावा नव्हे. ही जाणीव राहिली तर प्रयोग चालू असतानाही तो आणखी सौम्य कसा करता येईल, वेळेआधी कसा थांबवता येईल, याचा शोध चालू राहतो.

८. ‘थ्री आर’ म्हणजे काय?

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेली ही चौकट आज जगभरातील नियमांचा पाया आहे. शक्य असेल तेथे प्राण्याऐवजी दुसरी पद्धत वापरणे (रिप्लेसमेंट), वापरावेच लागले तर कमीत कमी प्राण्यांत काम भागवणे (रिडक्शन), आणि जे वापरले जातात त्यांचा त्रास कमी करणे (रिफाइनमेंट), अशी तिची तीन अंगे आहेत. व्यवहारात तिसऱ्या अंगावर बरेच काम होते आणि पहिले अंग मागे पडते, कारण पर्याय शोधण्यासाठी वेगळा निधी, वेगळे कौशल्य आणि बरीच वर्षे लागतात. दुसऱ्या अंगातील एका सापळ्याविषयी प्रश्न १६ पाहा.

९. प्रयोगाला परवानगी कोण देते आणि कशाच्या आधारावर?

बहुतेक देशांत संस्थेची नैतिक समिती किंवा सरकारी यंत्रणा प्रस्ताव तपासते. समितीत संशोधक आणि पशुवैद्य असतात, आणि अनेक ठिकाणी संस्थेबाहेरची व्यक्तीही असावी लागते. प्राण्याला होणारी हानी आणि अपेक्षित लाभ यांची तुलना हा या तपासणीचा गाभा आहे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पॅट्रिक बेटसन यांनी १९८६ मध्ये यासाठी तीन कसोट्या एकत्र मांडल्या : संशोधनाचा दर्जा, वैद्यकीय लाभाची शक्यता आणि प्राण्याचा त्रास. त्रास मोठा आणि दर्जा किंवा लाभाची शक्यता कमी, असा प्रस्ताव नाकारला जावा हा त्यामागचा विचार.

प्रस्तावात पाहण्याजोगी एक जागा म्हणजे प्रयोग थांबवण्याचा ठरलेला क्षण. वजन किती टक्के घटले, गाठ किती वाढली किंवा हालचाल किती मंदावली, की प्राण्याला वेदनारहित मृत्यू द्यायचा, हे आधी लिहून ठेवावे लागते. ‘प्राणी मरेपर्यंत निरीक्षण’ असे लिहिलेला प्रस्ताव आला तर समितीने तेथेच थांबून कारण विचारले पाहिजे.

१०. सगळ्या देशांत कायदा सारखाच आहे का?

नाही, आणि तफावत मोठी आहे. ब्रिटनने १८७६ मध्येच प्राणिप्रयोगांवर नियंत्रण आणले आणि १९८६ मध्ये त्याजागी नवा कायदा केला. युरोपीय संघाचा २०१० चा निर्देश सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांबरोबर ऑक्टोपससारख्या शीर्षपाद प्राण्यांनाही संरक्षण देतो. भारताच्या १९६० च्या कायद्यानुसार लहान प्राण्यांवर काम भागत असेल तर मोठे प्राणी टाळावेत आणि केवळ हाताला सराव व्हावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत. अमेरिकेत १९६६ चा प्राणिकल्याण कायदा आहे, पण संशोधनासाठी पैदास केलेले उंदीर, रॅट आणि पक्षी त्याच्या कक्षेबाहेर आहेत. सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना तेथे वेगळ्या धोरणाने सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांची काळजी घ्यावी लागते. तरीही सर्वाधिक वापरला जाणारा प्राणीच कायद्याच्या व्याख्येत नसावा, ही गंभीर उणीव आहे.

११. सौंदर्यप्रसाधनांसाठी होणाऱ्या चाचण्याही यातच येतात का?

त्यांचा विचार वेगळा करावा. लिपस्टिकच्या नव्या छटेविना कोणाचा जीव अडत नाही, त्यामुळे प्रश्न ७ मधील सबळ युक्तिवाद येथे लागूच होत नाही. युरोपीय संघाने २०१३ पासून प्राण्यांवर चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या विक्रीवरही बंदी घातली आहे आणि भारतातही अशा चाचण्यांना बंदी आहे. अडचण एकच उरते. प्रसाधनातला एखादा घटक औद्योगिक रसायन म्हणूनही वापरला जात असेल, तर कामगारांच्या सुरक्षिततेसाठीच्या नियमांखाली त्याची प्राण्यांवर चाचणी होऊ शकते.

१२. संगणक आणि अवयव-चिप असताना अजूनही प्राणी कशाला लागतात?

काही कामांसाठी ते आता लागत नाहीत, आणि तेथे त्यांचा वापर चालू ठेवणे असमर्थनीय आहे. निम्मे प्राणी मरतील अशी मात्रा शोधणारी एलडी-५० ही १९२७ पासूनची चाचणी तिच्या जुन्या रूपात ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेतून २००२ मध्ये वगळली गेली. रसायनामुळे डोळ्याला होणारा दाह तपासण्यासाठी सशांच्या डोळ्यांत ते घालण्याची रीत १९४० च्या दशकापासून रूढ होती. आता त्यातले बरेचसे काम प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या थरांवर होते. २०१० मध्ये सादर झालेल्या फुफ्फुस-चिपमध्ये लवचीक पडद्याच्या एका बाजूला फुफ्फुसाच्या आणि दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या मानवी पेशी असतात, आणि तो पडदा श्वासासारखा ताणला जातो.

पण गर्भधारणा, वर्तन, जुनाट वेदना किंवा अनेक अवयवांतून फिरत वर्षानुवर्षे चालणारा आजार हे चिपमध्ये पुरते उतरत नाही. संगणकीय प्रतिमान ज्या माहितीवर उभे असते तिच्यापलीकडचे ते फारसे सांगू शकत नाही. ‘सगळे पर्याय तयार आहेत’ आणि ‘पर्याय कधीच पुरे पडणार नाहीत’ ही दोन्ही विधाने टाळावीत. कोणत्या प्रश्नासाठी पर्याय आहे, असेच नेमके विचारावे.

१३. पेशींवरचे प्रयोग पूर्णपणे प्राणिमुक्त असतात, हे बरोबर आहे ना?

बहुधा नाही. पेशी वाढवण्याच्या द्रवात अनेकदा वासराच्या गर्भाच्या रक्तातील सीरम मिसळलेले असते. कत्तलीच्या वेळी गाय गाभण निघाली की तिच्या गर्भाच्या हृदयातून हे रक्त काढले जाते. सीरमविरहित द्रव आणि मानवी प्लेटलेटपासून केलेला अर्क उपलब्ध आहेत, तरी जुनी पद्धत सवयीने चालू राहते.

इंजेक्शनच्या द्रवात ताप आणणारे जिवाणूजन्य अंश आहेत का, हे तपासण्याचा इतिहास आणखी बोलका आहे. पूर्वी तो द्रव सशाच्या कानाच्या शिरेत देऊन काही तास त्याचे तापमान मोजत, आणि त्या वेळात सशाला जखडून ठेवत. मग हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तापासून केलेले द्रव्य आले, जे त्या अंशांच्या स्पर्शाने गोठते. ससे सुटले, पण समुद्रातून पकडून, रक्त काढून परत सोडलेल्या त्या प्राण्यांपैकी काही दगावू लागले. नंतर त्या रक्तातला मुख्य घटक जनुकीय तंत्राने, प्राण्याविना बनवता आला, आणि युरोपच्या औषधसंहितेने त्याला मान्यता दिली आहे. एका प्राण्याचे ओझे दुसऱ्यावर टाकणे म्हणजे पर्याय नव्हे. ही तिसरी पायरी गाठेपर्यंत काम पुरे झाले असे म्हणू नये.

१४. माकडे आणि चिंपांझी यांच्यावरील प्रयोग चालू आहेत का?

चिंपांझींवरील प्रयोग जवळजवळ संपले आहेत. युरोपीय संघाने मोठ्या वानरांचा वापर अगदी अपवादात्मक आणीबाणी वगळता निषिद्ध केला आहे. अमेरिकेत २०११ च्या तज्ज्ञ समितीने चिंपांझींवरील बहुतेक संशोधन अनावश्यक ठरवले आणि २०१५ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्याला दिलेला पाठिंबा संपवला.

माकडांवरील प्रयोग चालू आहेत आणि तेथील निर्णय खरोखर कठीण आहेत. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात बेकायदा बनवलेल्या कृत्रिम अमली पदार्थातील एमपीटीपी या अशुद्धीमुळे काही तरुणांना अचानक पार्किन्सनसारखी लक्षणे जडली. तेच द्रव्य माकडांना दिल्यावर तीच लक्षणे दिसली, रॅट मात्र त्याला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत. त्या माकडांच्या अभ्यासातून मेंदूतील एका लहान केंद्राची भूमिका कळली, आणि आज असंख्य रुग्णांचा कंप त्या केंद्राला सूक्ष्म विद्युत-उद्दीपन देऊन आटोक्यात आणला जातो. ज्या साम्यामुळे माकड उपयोगी पडते, त्याच साम्यामुळे त्याचे एकटेपण आणि भीतीही आपल्यासारखीच असणार. हा पेच कोणत्याही नियमाने सुटत नाही.

१५. भूल दिली की नैतिक प्रश्न उरत नाही, असे म्हणता येईल का?

शस्त्रक्रियेतील वेदनेपुरता तो हलका होतो, संपत नाही. शुद्धीवर आल्यानंतरच्या वेदना, पिंजऱ्यातील आयुष्य आणि शेवटी येणारा मृत्यू हे मुद्दे राहतातच. प्राण्याला शुद्धीवर न आणता भुलेतच मृत्यू देणे, हा युरोपीय वर्गवारीत वेगळा गट आहे. तेथे वेदना नसते, पण एक जीव गेलेला असतो.

एक धोकाही लक्षात ठेवावा. स्नायू लुळे पाडणारी औषधे भूल देत नाहीत. प्राणी निश्चल दिसतो, पण त्याला सारे जाणवत असू शकते. म्हणूनच पुरेशा भुलेविना अशी औषधे वापरण्यास युरोपीय संघात मनाई आहे. प्रयोगानंतर निरोगी राहिलेल्या कुत्र्यांना किंवा मांजरांना घर मिळवून देण्याची तरतूद काही देशांत आहे. उंदरांच्या वाट्याला ती क्वचितच येते.

१६. कमी प्राणी वापरणे नेहमीच अधिक नैतिक असते ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळायला गटागणिक वीस प्राणी लागतात, तो प्रयोग पाच-पाच प्राण्यांवर केला तर निष्कर्ष निघत नाही, आणि ते सगळे प्राणी वाया जातात. वर तोच प्रयोग दुसरीकडे पुन्हा होतो. कोणत्या प्राण्याला औषध मिळेल हे चिठ्ठी टाकून न ठरवणे, मोजणाऱ्याला गट माहीत असणे आणि नकारात्मक निकाल प्रसिद्ध न करणे, यांनीही हीच हानी होते. २०१० मध्ये आलेल्या ‘अराइव्ह’ या मार्गदर्शक तत्त्वांनी संशोधन-निबंधात हे तपशील देण्याचा आग्रह धरला.

एकाच प्राण्यावर पुन्हा पुन्हा प्रयोग करून संख्या कमी करणे हाही असाच प्रश्न आहे. एकूण आकडा घटतो, पण त्या एका जिवाच्या वाट्याचा त्रास साचत जातो. आमच्या मते संख्या घटवण्यापेक्षा हे साचणे टाळणे महत्त्वाचे आहे.

१७. भ्रूण, माशांच्या अळ्या किंवा फळमाश्या यांच्यावरील प्रयोगांना परवानगी लागते का?

युरोपीय निर्देशानुसार सस्तन प्राण्याच्या गर्भाला गर्भावस्थेच्या शेवटच्या तृतीयांशात, आणि माशाच्या अळीला ती स्वतः अन्न घेऊ लागल्यापासून संरक्षण मिळते. झेब्राफिशच्या अळ्यांवरील बरेच काम त्यापूर्वीच्या पहिल्या काही दिवसांतच उरकले जाते, याचे हेही एक कारण आहे. फळमाश्या आणि गोलकृमी त्या नियमांबाहेर आहेत. या रेषा चेतासंस्थेच्या विकासाविषयीच्या माहितीवर आखलेल्या असतात, आणि माहिती वाढली की त्या सरकतात. खेकडे आणि झिंगे यांच्या बाबतीत ब्रिटनने २०२२ मध्ये त्यांना संवेदना असल्याचे कायद्यात मान्य केले. प्राणिप्रयोगांच्या नियमांत मात्र बहुतेक ठिकाणी त्यांना अजून जागा मिळालेली नाही.

१८. माणसांवर चाचणी करणेच अनैतिक असेल, तर औषध उपयोगी आहे हे कसे ठरवतात?

अँथ्रॅक्स किंवा तीव्र किरणोत्सर्ग यांवरील उपचार तपासण्यासाठी माणसांना मुद्दाम बाधा देता येत नाही. अशा प्रसंगांसाठी अमेरिकेने २००२ मध्ये नियम केला, त्यानुसार औषधाची परिणामकारकता प्राण्यांवरील पुराव्यावर मान्य होऊ शकते. सुरक्षितता मात्र निरोगी माणसांत तपासावी लागते. अशा प्रयोगांत प्राण्यांचा त्रास तीव्र असतो आणि निष्कर्ष माणसाला लागू पडतील याची पडताळणीही सहसा करता येत नाही. त्यामुळे हा मार्ग अपवादच राहिला पाहिजे.

१९. सर्पदंशावरील प्रतिविष घोड्यांपासून बनते. हा प्रयोग आहे की उत्पादन?

उत्पादन आहे, म्हणून प्रयोगांच्या समित्यांचे लक्ष त्याकडे कमी जाते. घोड्याला विषाच्या अल्प, वाढत्या मात्रा देऊन त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी काढली जातात, आणि त्या औषधाची ताकद बहुधा उंदरांवर तपासली जाते. सर्पदंशाने मरणारे बहुतांश लोक ग्रामीण आणि गरीब असतात. आज त्यांच्यासाठी दुसरे सिद्ध औषध नाही, त्यामुळे हे उत्पादन थांबवा असे आम्ही म्हणणार नाही. टोचण्याच्या जागी होणाऱ्या जखमा, दोन वेळा रक्त काढण्यातले अंतर आणि निवृत्त घोड्यांची सोय, यांवर देखरेख मात्र प्रयोगांइतकीच कडक हवी.

२०. खाण्यासाठी याहून कितीतरी अधिक प्राणी मारले जातात. मग संशोधनावरच टीका का?

संख्येची तुलना खरी आहे. तिच्यावरून एवढेच निघते की मांसासाठीच्या पशुपालनाचीही नैतिक तपासणी व्हायला हवी. एका ठिकाणची मोठी हानी दुसरीकडच्या लहान हानीला परवाना देत नाही. उलट दिशेने मात्र ही तुलना विचार करायला लावते : जो केवळ चवीसाठी प्राणी मारणे मान्य करतो, त्याला जीव वाचवू पाहणारा प्रयोग सरसकट निषिद्ध ठरवताना आपली भूमिका नीट जुळवावी लागेल.

२१. माझा प्राणिप्रयोगांना विरोध आहे. तरी मी औषधे आणि लसी घेतो. हा दुटप्पीपणा आहे का?

आम्हाला तसे वाटत नाही. आज वापरात असलेली जवळजवळ सर्व औषधे कधी ना कधी प्राण्यांवर तपासली गेली आहेत, त्यामुळे त्यांपासून अलिप्त राहणे म्हणजे उपचारच नाकारणे. लस नाकारल्याने झालेला प्रयोग मागे जात नाही. घरातल्या तान्ह्या मुलाला किंवा वृद्ध व्यक्तीला मात्र धोका वाढतो. पूर्वी क्रूरपणे मिळवलेल्या माहितीच्या वापराबाबतही आमचे उत्तर साधारण हेच आहे : ती वापरावी, कशी मिळाली ते लपवू नये आणि तोच प्रयोग पुन्हा करू नये.

विरोधाला उपयोगी वळण देण्याचे मार्ग आहेत. शस्त्रक्रियेत काढलेली ऊती संशोधनासाठी वापरण्यास रुग्ण संमती देऊ शकतो, आणि अशा मानवी ऊतींची पर्यायी पद्धतींना सतत गरज असते. विद्यार्थी विच्छेदनाऐवजी प्रतिकृतीची किंवा संगणकीय पाठाची मागणी करू शकतात. संशोधनसंस्थेला देणगी देणाऱ्याने, पर्यायी पद्धतींवर किती खर्च होतो आणि नैतिक समितीने गेल्या वर्षी किती प्रस्ताव बदलून मागितले किंवा नाकारले, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत आणि त्यांचे उत्तरही लेखीच मागावे.